माहीत आहे, तर धाडतात कशाला?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना आलेली बोलीतली वळणं तशीच ठेवली आहेत. – संपादक)



मागच्या वर्गाला शेवटच्या रांगेतून एका पोरानं मला प्रश्न टाकला. म्हणाला, सर, देव गेला, मनुस्मृती जाळली, बरं झालं. आता बरंवाईट ठरवायचं कुणी? विज्ञान ठरवील का? आणि विज्ञान ठरवत असेल तर बाबासाहेबांनी १९५६ साली धम्म कशाला घेतला, सरळ विज्ञानच का नाही घेतलं?

मी घड्याळाकडं बघितलं आणि वेळ झाली म्हणून सुटलो. खरं सांगतो, उत्तर येत नव्हतं. तीस-बत्तीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काढली. माझं पोट विज्ञानावर, पोरांचं शिक्षण विज्ञानावर, आणि मला उत्तर येईना. महिनाभर डोक्यात तेच घोळत होतं. म्हणून आज उभा राहिलोय. पंडिती भाषा मला जमत नाही. मला जे येतं ते गटारापासून सुरू होतं.

माझा बाप गटारात उतरायच्या कामावर होता. मुकादमानं सांगितलं की झाकण उचलायचं, कमरेला दोरी बांधायची, उतरायचं. उतरायच्या आधी ही माणसं पलीकडचंही झाकण उघडून ठेवायची, वारं खेळू द्यायची. मग वाकून आत बघायची, झुरळं हलतात का? झुरळं जिवंत, तर माणसानं उतरायला हरकत नाही. ही त्यांची प्रयोगशाळा. उतरताना पावशेर पोटात घालायचे. लोक म्हणायचे, ही जात दारूडी. शुद्धीवर राहून त्या घाणीत गळ्यापर्यंत उभं राहून दाखवा, मग बोला.

१९८१ साली मी दहावीला होतो. पुस्तकात हायड्रोजन सल्फाइड वायूचा धडा. रंग नाही, सडक्या अंड्यासारखा वास, विषारी. मी मोठमोठ्यानं घोकत होतो. बाप भिंतीला टेकून बसलेला. म्हणाला, "आरं, वास येतोय तवर माणूस जित्ता हाय. वास गेला की झालं. ह्ये ल्हिलंय का तुझ्या पुस्तकात?"

पुस्तकात ते नव्हतं. पुढं नोकरीला लागल्यावर मी मोठाली इंग्रजी पुस्तकं काढून बघितली. माझा अंगठेबहाद्दर बाप शंभर टक्के बरोबर होता. हा वायू हवेत अगदी किंचित असला तरी नाकाला कळतो. पण दहा लाख भाग हवेत तो शंभर भागांच्या वर गेला की थोड्याच मिनिटांत वास घेणारी नस बधिर होते. वास बंद. माणसाला वाटतं, हवा साफ झाली. तो आणखी आत जातो. पाचशे-सातशेच्या पुढं गेला की कोसळतो, हजाराच्या आसपास तर एक-दोन श्वासांत. वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून असतो. हवा न लागणाऱ्या गाळात जंतू तो तयार करत राहतात आणि कुणी गाळ ढवळला की भसकन वर येतो. रक्तात ऑक्सिजन असतो, पण शरीरातल्या पेशींना तो वापरता येत नाही. भरल्या ताटापुढं बसून उपाशी मरण्यासारखं.

हे सगळं कधी कळलं? १ जुलै १८९५ ला लंडनजवळ ईस्ट हॅम इथं मैल्याच्या पंपाच्या ठिकाणी एक कामगार खाली उतरला आणि पडला. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा, चौथा, पाचवा. पाचही मेले. हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं तपास केला आणि हायड्रोजन सल्फाइडवर बोट ठेवलं. लंडनमध्ये पोस्टमन्स पार्क नावाची बाग आहे. तिथं दुसऱ्याला वाचवताना मेलेल्या साध्या माणसांच्या नावांच्या फरश्या लावल्यात. त्यांत या चौघांची फरशी आहे. जो पहिला, कामासाठी म्हणून उतरला, त्याचं नाव तिच्यावर नाही. तो नुसता 'सोबती'.

म्हंजे सव्वाशे वर्षं उलटून गेली, कारण माहीत आहे. वायू मोजायचं यंत्र खिशात मावतं. आणि आपल्याकडं? संसदेत सरकारनंच आकडा दिलाय, २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसं मेली. कायदा १९९३ चा आहे, दुसरा २०१३ चा आहे. साधनं न देता माणूस उतरवला तर दोन वर्षं कैद, दोन लाख दंड, किंवा दोन्ही, असं त्यात लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हणून सांगितलं, २०२३ साली तीस लाख सांगितलं. आणि मरतं कोण? केंद्राच्या योजनेत गटार आणि सेप्टिक टँक कामगारांची जी नोंदणी झाली, तिच्यात शंभरातले अडुसष्ट-एकोणसत्तर अनुसूचित जातींचे निघाले. हायड्रोजन सल्फाइडला जात कळत नाही. झाकणापाशी उभ्या असलेल्या माणसाला कळते.

एका रात्री मी बापाला हे सगळं समजावून सांगितलं. पेशी, नस, दहा लाखात शंभर, सगळं. लई शहाणपणानं सांगितलं. त्यानं मुकाट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग म्हाईत हाय, तर धाडत्यात कशाला?"

मित्रांनो, त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर मला शोधायचं होतं ते इथं होतं, आणि मी चाळीस वर्षं ते ओलांडून चाललो होतो.

नीट बघा. यंत्र गटारात सोडलं. काटा एकशे वीसवर गेला. हे विज्ञान. आता त्या एकशे वीसमध्ये 'माणूस उतरवू नका' असं कुठं लिहिलंय? कुठंच नाही. त्याला आणखी एक वाक्य जोडावं लागतं – या माणसाचा जीव माझ्या जिवाइतकाच मोलाचा आहे. हे वाक्य धरलं की विज्ञान लगेच कामाला लागतं. म्हणतं, उतरवू नका, हवा सोडा, यंत्र लावा. पण कंत्राटदाराच्या मनात दुसरं वाक्य आहे – हा मेला तर उद्या नाक्यावर दुसरा मिळंल. त्याच्याही वाक्याला तोच एकशे वीस जोडा. आता विज्ञान काय म्हणतं? म्हणतं, पाच मिनिटांत वर काढा, आणि माणूस आपल्या हजेरीपटावरचा नको, बाहेरचा आणा. आकडा तोच, हुकूम दोन. त्या दोन वाक्यांतलं खरं कोणतं, हे सांगणारं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत नव्हतं. कपाटं मीच लावायचो, मला माहीत आहे.

तुमच्यातले इंजिनिअर होऊ घातलेले म्हणतील, प्रश्न सोपा आहे, मशीन आणा. आणाच! २०१८ साली केरळात पोरांनी गटार साफ करणारा यंत्रमानव करून दाखवला. त्यांना सलाम. पण ज्या शहरात माणूस स्वस्त आहे तिथं महाग मशीन शेडमध्ये गंजत पडतं. फोटोपुरतं बाहेर निघतं. मशीन वापरायचं की माणूस, याचा हिशेब शेवटी रुपयांत मांडला जातो आणि तो हिशेबही साला 'शास्त्रशुद्ध' असतो.

मग विज्ञानानं आपल्याला काहीच दिलं नाही का? दिलं, पुष्कळ दिलं. उगाच कृतघ्न होऊ नका. २० मार्च १९२७ ला महाडला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. मग सवर्णांनी १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून, मंत्र म्हणून ते तळ्यात परत ओतलं आणि तळं 'शुद्ध' केलं. आता माझ्या टेबलावर दोन बाटल्या आल्या असत्या, एक आपण ओंजळ घातल्यानंतरची आणि एक त्या शुद्धीनंतरची, तर दोन दिवसांत मी लेखी रिपोर्ट दिला असता की जंतू शेणवाल्या बाटलीत जास्त आहेत. (हसू नका, असे रिपोर्ट मी जन्मभर दिलेत.) विटाळ नावाची वस्तू कोणत्याच बाटलीत सापडली नसती. खोट्या गोष्टीचं पितळ उघडं पाडणं, हे विज्ञान झकास करतं.

बाबासाहेबांनी तेच हत्यार वापरलं. रिस्ले नावाचा साहेब १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख होता. त्यानं माणसांची नाकं मोजली. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत. पायरी ठरवायला पट्टी लावली नाकाला! पुढं मुंबई विद्यापीठाच्या घुर्यांनी १९३२ साली या मापांचीच तपासणी केली. आणि १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळावर लिहिताना बाबासाहेबांनी त्याच नाकांचे आकडे हाती घेऊन दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. साहेबाची पट्टी साहेबाच्याच पाठीत. हल्ली तर डी.एन.ए.च आलंय. हैदराबादच्या आणि हार्वर्डच्या लोकांनी मिळून २०१३ साली छापलं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातली माणसं सरमिसळ होत होती, आणि नंतर ती सरमिसळ थांबली, जो तो आपापल्या जातीत लग्न लावायला लागला. जात ब्रह्मदेवाच्या पायातून निघाली नाही. ती केली गेली, आणि कधीच्या सुमारास केली गेली तेही कळतंय. तुम्ही पोरांनी तो लेख मोबाइलवर शंभर जणांना धाडला, मलाही चार वेळा आला. चांगलं केलंत.

पण आता एक कडू प्रश्न विचारतो. समजा, ती तपासणी उलटी निघाली असती तर? समजा, उद्या कुणी आकडे मांडून म्हणालं की तुमचं रक्त वेगळं, तुमची बुद्धी दोन गुणांनी कमी. मग काय कराल? झाकण उचलून गपचिप खाली उतराल?

हॉलमध्ये कुणी बोलेना. बोला की.

उतरणार नाही ना? मग आपला समतेचा हक्क त्या तपासणीवर उभा नव्हता. तपासणी आपल्या बाजूनं निघाली हा आनंद आहे, पाया नव्हे. ही गोष्ट बाबासाहेबांनी १९३६ सालीच ओळखली होती. लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेलं आणि मंडळानं करू न दिलेलं ते जातिनिर्मूलनाचं भाषण काढा. त्यात त्यांनी आधी जातीच्या कैवाऱ्यांचा रक्तशुद्धीचा दावा पुराव्यानं झोडून काढला. आणि मग समतेपाशी आल्यावर काय केलं? सगळी माणसं सारखी आहेत असं सिद्ध करायच्या फंदात ते पडलेच नाहीत. माणसं सारखी नसतात हे कबूल केलं. जन्मानं मिळतं ते वेगळं, घरादारातून मिळतं ते वेगळं, स्वतःच्या मेहनतीचं वेगळं. पण म्हणून त्यांना असमान वागवायचं का? तसं केलं तर जो जन्मानं आणि घरानं आधीच पुढं आहे, तोच पुन्हा पुढं जाणार. समता कल्पित असेल तर असू दे, तरी राज्य चालवताना तीच धरून चालावं लागेल, असा त्यांचा मुद्दा. महाडलाही तेच. पाण्याची बाटली घेऊन ते महाडला गेले नव्हते. पाणी कुठलंही असतं तरी हक्क तोच राहिला असता.

आणि पाया नसलेलं विज्ञान कुठं जातं तेही बघा. आपल्या पँथरचं नाव आलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, १९७२ साली. त्याच १९७२ च्या जुलैत अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत एक बातमी फुटली. अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत, टस्कीगी इथं, १९३२ पासून सरकारचं आरोग्य खातं एक प्रयोग करत होतं. उपदंश म्हंजे गरमी झालेले ३९९ काळे पुरुष, बहुतेक गरीब कुळं, शेतमजूर. त्यांना खरा रोग सांगितला नाही. रक्तात दोष आहे म्हणाले. उपचार चालू आहेत असं भासवलं. रोग न थांबवता सोडला तर शरीराचं काय होतं, एवढंच बघायचं होतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलीन हा त्यावरचा नेहमीचा इलाज झाला, तरी या माणसांना तो मिळू दिला नाही. चाळीस वर्षं! मेल्यावर चिरफाड करायला प्रेत मिळावं म्हणून अंत्यविधीचा खर्च कबूल केला. नोंदी व्यवस्थित, तारखा व्यवस्थित, डॉक्टरांच्या मासिकांत निबंध छापून येत होते. मायक्रोस्कोपमधून ते जंतू दिसले. ही माणसं आहेत, हे मायक्रोस्कोपमधून दिसायची सोयच नव्हती. राष्ट्राध्यक्ष क्लिंटननं माफी मागितली ती १९९७ साली.

आता दुसरी बाजूही ऐकून घ्या, नाहीतर मी तुम्हाला फसवतोय असं होईल. अमेरिकेतल्याच सॅम हॅरिसनं २०१० साली एक पुस्तक काढलं, विज्ञान नीतीचे प्रश्न सोडवू शकतं असं सांगणारं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की नीती म्हंजे जाणीव असलेल्या जिवांचं भलं. आणि भलं कशानं होतं, दुःख कशानं होतं, हे तपासता येतं, मोजता येतं. मग नीतीही विज्ञानाच्या टप्प्यात आली. आपल्यातल्या काही हुशार पोरांना हे पटतं. मलाही निम्मं पटतं. कारण त्यामुळं एक भडवेगिरी बंद होते – 'ज्याची त्याची नीती, ज्याची त्याची संस्कृती, आमच्या गावची रीत आहे' म्हणून विहीर बंद ठेवणाऱ्यांची. ज्या रीतीनं पोरं खुरटतात, बायका मरतात, ती रीत वाईट आहे हे मोजून दाखवता येतं. दाखवलंच पाहिजे.

पण त्यानं पहिल्याच पावलाला काय केलं ते पकडा. 'सगळ्यांचं भलं झालं पाहिजे' हे त्यानं आधीच घेतलं, मग मोजायला बसला. बाबा रे, आमचं भांडण तर त्या 'सगळ्यां'त कोण धरायचं यावरच आहे! मनूलाही भलं हवंच होतं, वरच्यांचं. बेरीज त्यालाही येत होती. आम्हाला बेरजेत घेतलं नव्हतं. आणि बेरीज करणारा कोण? शहराचं भलं मोजलं तर गटार तुंबलं नाही हा फायदा लाखो लोकांचा, मेला तो एक. ही बेरीज कुठल्याही यंत्रावर करा, तो एक हरणार. त्याच्या बाजूनं बोलायला बेरजेच्या बाहेरचं काहीतरी लागतं.

लगेच एखादा टिळेवाला उठून म्हणेल, बघा, विज्ञान तोकडं पडतं, म्हणून धर्म पाहिजे. थांबा महाराज. आपल्या भाषेतच एक गोची आहे. रसायनशास्त्र हेही शास्त्र आणि धर्मशास्त्र हेही शास्त्रच. एक शास्त्र म्हणतं, तपास आणि चुकलं तर खोडून टाक. दुसरं म्हणतं, तपासलंस तर जीभ छाटीन. विज्ञानाला नीतीचं उत्तर येत नाही, एवढ्यानं ते पोथीला येतं असं होत नाही. हजारो वर्षं तिला संधी होती, तिनं काय उत्तर दिलं ते आपल्या आज्या-पणज्यांच्या पाठीवर उमटलंय. आणि नुसती डिग्री घेऊन माणूस सुटतो असंही नाही. मी ज्या प्रयोगशाळेत होतो तिथं दर खंडेनवमीला आम्लता मोजायच्या यंत्राला हळदकुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचे. एम.एस्सी. झालेले साहेब नारळ फोडायचे. त्याच साहेबांचा पाण्याचा माठ वेगळा होता. मी तीस वर्षं रोज शुद्ध पाण्याचे दाखले लिहिले आणि त्या माठाला हात लावला नाही. लावायला पाहिजे होता. तेव्हा पगाराची भीती वाटली. हे तुम्हाला आज सांगतोय.

तर पोरा, तू आज आलायस ना? समोर ये, मागं बसू नको. बाबासाहेबांनी विज्ञान का नाही घेतलं, असं तू विचारलंस. मला वाटतं, त्यांनी ते घेतलंच होतं. धम्मात प्रज्ञा आहे ती तीच – तपासल्याशिवाय मानू नका, मोठा माणूस म्हणाला म्हणून मानू नका, पोथीत आहे म्हणून मानू नका. पण त्यांनी प्रज्ञा एकटी नाही घेतली, तिच्या जोडीला करुणा घेतली, शील घेतलं. १९५७ साली, ते गेल्यावर जो ग्रंथ छापला गेला, त्यात हेच सांगितलंय की नुसती प्रज्ञा म्हंजे हत्यार. कुणाच्या हातात आहे ते आधी बघा. बापाच्या भाषेत, 'म्हाईत हाय' ही प्रज्ञा. 'धाडत्यात कशाला' हा पुढचा प्रश्न. आणि तो प्रश्न वरच्या मजल्यावरच्या माणसाला कधी सुचत नाही; दोरी ज्याच्या कमरेला आहे त्यालाच सुचतो. म्हणून नीतीचा निवाडा आपण कुणा तज्ज्ञाला, मग तो पांढऱ्या कोटातला असो की भगव्या, देऊन घरी जायचं नाही.

माझं उत्तर पुरं आहे असं मी म्हणत नाही. करुणा कुठून येते, विचारलंस तर मी पुन्हा घड्याळाकडं बघीन.

बाप रिटायर होऊन तीन वर्षांत गेला. फुप्फुसं संपली होती. शेवटी शेवटी त्याला कशाचाच वास येत नव्हता, आईनं सुकट भाजली तरी.

आता कामाचं. नाल्याच्या पलीकडं नव्या इमारतींच्या सेप्टिक टँकचं काम सुरू झालंय. कंत्राटदार सकाळी सहाला माणसं आणतो, लोक उठायच्या आत. माझ्या पिशवीत वायू मोजायचं यंत्र आहे, चालू आहे, सेल नवे टाकलेत. रविवारी पहाटे साडेपाचला आपण तिथं जायचं. यंत्र मी सोडीन, आकडा मी वाचीन. पण आकडा वाचून झाल्यावर टाकीच्या तोंडावर उभं राहायला वीस जण तरी लागतील. २०१३ च्या कायद्याच्या मराठी प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्यात, जाताना एक एक घ्या. येणाऱ्यांनी तिथल्याच वहीत नाव लिहा.